तीनदा पुकारा

गुरु. ५ फेब्रु.
सोमवारी सकाळी मी काय केलं ते आज लिहून ठेवतो. रविवारच्या भजनानं घसा बसला होता. कोर्टाच्या दारातूनच 'मंगल शिंदे' असं एकदा पुकारलं, तेही बसक्या आवाजात. पुकारा तीनदा करायचा असतो. बाकावर जागा नसली की बायका जिन्यात बसतात, हे इतक्या वर्षांच्या शिपाईगिरीत मला माहीत आहे. तरी आत येऊन सांगितलं, आरोपी गैरहजर. तिच्या वकिलांनी हजेरीमाफीचा अर्ज दिला. साक्ष तिच्या पाठीमागे झाली.

एकच्या सुमारास ती दारात आली. "भाऊ, आमचा नंबर कधी?"
"झाली की तुमची तारीख."
"अहो, असं कसं? हडपसरहून येऊन सकाळपासून जिन्यात बसलेय मी!"
कारकून म्हणाले, "महाराज, आवाज सगळा देवालाच देऊन आलात वाटतं." मीही हसलो. तिच्यासमोर.

आज वकिलांचा अर्ज, साक्षीदाराला पुन्हा बोलवा. न्यायाधीश मॅडमनी मला विचारलं, "तीनदा पुकारलं होतं?"
"हो, मॅडम."
मंगल माझ्याकडेच बघत होती. निर्णय सोमवारी.

शुक्र. ६
मंगल साक्षीची नक्कल घ्यायला आली होती. भांडली नाही. भाजीच्या गाडीवरून झालेलं भांडण, एकाचं डोकं फुटलं, तिच्यावर केस. "साक्षीदार म्हणतो, दुकानाच्या दारातून मला तराजूचं वजन मारताना बघितलं. अहो, त्या दिवशी त्याचं शटर खाली होतं! मी समोर असते तर वकिलांना तिथल्या तिथं सांगितलं नसतं का?"
मी पाणी भरायला गेलो. माठ भरलेलाच होता.

शनि. ७
जपाला बसलो. मन लागेना. गावच्या शाळेत गुरुजी हजेरी संपली की राहिलेली नावं पुन्हा घेत. कुणी आडावर गेलं असेल म्हणून. माझं काम तेवढंच, आणि तेही…

रवि. ८
भजनाला गेलो नाही. हिनं विचारलं, "अहो, घसा अजून बरा नाही?"
बरा आहे.

सोम. ९
मॅडम कोर्टात बसायच्या आधी कागद दिला. एकदाच पुकारलं, दारातून. गुरुवारी खोटं बोललो. खाली सही.
त्यांनी दोनदा वाचला. "नोकरीचं काय होईल, कल्पना आहे?"
"आहे."
कागद फायलीला लावला. मग, "पुकारा करा."
जिन्यापर्यंत गेलो. ती पहिल्याच हाकेला उभी राहिली. तरी तीनदा पुकारलं.