स्नॉर्कलवाला जावई

२ मे, शनिवार
यंदा धोंड्याचा महिना. ३१ला सासरी, गंगापूरला, जावयांना जेवणाचं बोलावणं. मागच्या वेळी बाकीचे जावई विहिरीत पोहले आणि मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. सर्दी होती. मेहुणा कारभारी तेच अजून सांगत फिरतो. आज त्याने फॅमिली ग्रुपवर विचारलं, दाजी, यंदा पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवू का? खाली एकोणीस हसरे चेहरे. त्यातला एक मंजुषाचा. सख्ख्या बायकोचा! मी लिहिलं, ३१ला विहिरीत उतरणार, डब्याशिवाय. एकवीस वर्षं बारावीला आर्किमिडीज शिकवतोय. डबे बांधणाऱ्यांना काय कळणार.

४ मे, सकाळी ६.३०
स्विमिंग पूल. उथळ बाजू चार फूट. कोच धम्मपाल, वय चोवीसेक, फिजिक्स शून्य. पाण्यात तोंड घालून फुगे सोडा म्हणाला. शेजारी केसरबाई नावाच्या सत्तरीच्या बाई गुडघ्यांसाठी येतात. त्या मजेत फुगे सोडत होत्या. कीव आली. मी एक सोडला. नाकातोंडात पाणी. क्लोरीन जास्त आहे. तक्रार करणार.

७ मे
उपाय सापडला. युट्यूबवर. मोठमोठे पोहणारे कपाळावरून वर जाणारं स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, लावून सराव करतात. श्वासासाठी मान वळवायला नको, सगळं लक्ष हातांवर. मागवलं. धम्मपाल म्हणाला, आधी तरंगायला शिका सर, मग ते लावू. जळतो.

१० मे
स्नॉर्कल आलं. लावलं. नाकाने श्वास घेतला. माल सदोष.

११ मे
नाकाला चिमटा लावला. माल ठीक.

१४ मे
आज पूलची आख्खी रुंदी पार! चार वेळा! डोकं पाण्यात, हात अगदी व्हिडिओतल्यासारखे. त्यावर धम्मपालने सगळ्यांदेखत सांगितलं की सर, तुम्ही चालायलेत, पाय फरशीवरच हायेत. मी समजावलं की पाय हा वेगळा चॅप्टर आहे, आणि तळाला रेटा देणं म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम. तो केसरबाईंकडे वळला. पटलं असावं.

१९ मे
केसरबाई आठ फुटांत गेल्या. उताण्या तरंगतात. ना शैली, ना वेग, नुसत्या पडून. वर मला सल्ला, नळी काढून बघा भाऊ, लई सोपं हाय. आजकाल कोणीही शिकवतं.

२५ मे
रोज वीस रुंद्या. तळपायांची सालं निघाली. पोहणाऱ्यांना होत असावं. धम्मपाल म्हणाला, एकदा खोल बाजूला चला सर, मी हात धरतो. वेळ नव्हता. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, तिकडे पाहिलं की दोन्ही हातांनी कठडा धरतो. फरशी निसरडी आहे.

३० मे
ग्रुपवर स्नॉर्कल लावलेला फोटो टाकला. कारभारीने विचारलं, सोंड कशाला लावली? उद्या कळेल.

३१ मे, दुपारी ३
धोंडे, तूप, अनारसे. मग सगळे विहिरीवर. पाणी दोन पुरुष खोल. स्नॉर्कल लावलं, चिमटा लावला, शेवटच्या पायरीवरून शास्त्रशुद्ध निघालो. हात बरोबर होते. पायाने फरशी शोधली. नव्हती. पुन्हा शोधली. विहिरीला फरशी नसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डोकं खाली गेलं आणि नळीतून पाणीच आलं. फार घाबरलो. आई आई ओरडलो म्हणतात. आई नाही, सासू आली. सरूबाई, वय एकाहत्तर, नऊवारीसकट उडी. बखोटीला धरून पायरीवर आणून टाकलं. जावयाला वाण द्यायचं राह्यलंय अजून, मग बुडा, म्हणाल्या.

संध्याकाळी ५
डबा बांधला. गाठ मंजुषाने मारली, घट्ट. कारभारी हसला नाही, त्याचंच जास्त लागलं. हनुवटीखाली हात धरून त्याने दोन फेऱ्या मारून आणलं. पाय पहिल्यांदाच हलले.

६.३०
वाण मिळालं. तेहतीस अनारसे. स्नॉर्कल सासूबाईंनी ठेवून घेतलं. चुलीला फुंकणी नव्हती. पहिल्याच फुंकरीत जाळ धरला.