स्वयंपाकघरातून ऐकलेला मृदंग

नाहूर, सोमवार, ३ नोव्हेंबर १९६९

चि. शिवदास यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की, काल तुझी सुगंधामावशी येऊन रडून गेली. तिच्या घरातली एकही वस्तू तू बडवायची ठेवली नाहीस म्हणते. आधी ट्रंक, मग तांदळाचा डबा, परवा पाटावर लाटणं घेऊन बसलास आणि समोर तो माईक. तिला वाटतं, बापाशी भांडून आलेल्या पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, नाही गं, हा लहानपणापासून असाच आहे.

दशरथानं, म्हणजे तुझ्या बापानं, विक्रोळीच्या कारखान्यात तुझं नाव लावून ठेवलंय. एक डिसेंबर, सोमवार. त्या नाटकवाल्या चंद्रप्रकाशनं तुझं संगीत घेतलं तर ठीक, नाहीतर ते टेपचं यंत्र विकून कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं, आणि तोवर यंत्र या घरात नको, असं तो म्हणाला आणि तू हो म्हणून यंत्रासकट वाकोल्याला निघून गेलास. बाजारात पहिल्याच भावाला हो म्हणतं का रे कोणी? मला विचारलं असतंस तर चैत्रापर्यंतची मुदत मागून घेतली असती.

असो. ट्रंक बडवली तर ट्रंकच वाजणार. तुझ्या आजोबांचा मृदंग माळ्यावर होता, तो शेजारच्या महादूबरोबर पाठवते आहे. त्याच्यापुढे नीट मांडी घालून बस. आजोबा त्याच्यासमोर चप्पल घालून कोणाला येऊ देत नसत.

पत्र तुझी बहीण उत्तरा लिहिते आहे. माझ्या चार शिव्या तिनं गाळल्यात, त्या तू समजून घे. माया आहेच, मागायला नको.

तुझी आजी, पुतळाबाई

*

वाकोला, गुरुवार, ६ नोव्हेंबर

तीर्थरूप आजीस शिवदासचा साष्टांग नमस्कार.

मृदंग पोचला. महादूकाकांनी तो वाटेत कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

माझं यंत्र चांगलं चालतं. मी काम करतो त्या रेडिओच्या दुकानात मोडीत आलेला टेपरेकॉर्डर आहे, पण मी आतून सगळा नवा केलाय. अडलंय ते वेगळंच. चंद्रप्रकाशच्या नाटकातल्या नाचात कोळी होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात. पेटीवरची चाल मी बांधली, त्याला आवडली. पण खाली ताल दमदार नसेल तर होड्या जागच्या हलत नाहीत, असं तो म्हणतो आणि खरं आहे. रविवारी तेवीस तारखेला तो टेप ऐकणार. नाही पटली तर बाजारातली तबकडी लावून मोकळा होणार.

आता मृदंगाचं. उजवी बाजू अजून खणखणीत बोलते. डाव्या बाजूला आपल्याकडे गुरुवारच्या भजनात बाबा मंडळाच्या मृदंगाला लावतात तसा पिठाचा गोळा लावला. दोन थापा बऱ्या गेल्या, तिसरीला गोळ्याला तडे गेले आणि पाचवीला तो उडून मावशीच्या चष्म्यावर बसला. तीनदा लावला, तीनदा तेच. कातडं मेलं असेल का? आजोबांच्या मागे इतकी वर्षं पडून होता.

मावशी बोलत नाही. तुझं बोलणं मात्र असंच चालू राहू दे.

तुझा, शिवदास

*

नाहूर, शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. शिवदास यास आशीर्वाद.

तुझं पत्र उत्तरानं दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला हसू आवरेना, म्हणून दुसऱ्यांदा.

मेल्या, पीठ कसलं घेतलंस? सुगंधाच्या डब्यात भाकरीचं तांदळाचं पीठ असणार. ते कुठलं कातड्याला धरून राहतंय? त्याला गव्हाचीच कणीक लागते. बावीस वर्षं या घरात दर गुरुवारी भजन ऐकलंस आणि बाप दाराशी हात पुढे करतो तेव्हा त्या हातावर मी काय ठेवते ते एकदाही पाहिलं नाहीस. तुम्हा पुरुषांना वाटतं, कणीक उंबऱ्यावर उगवते. आपण भात खाणारी माणसं, पण मृदंगासाठी मूठभर गहू मी वेगळे दळून ठेवते.

तर शेजारणीकडून मूठभर कणीक माग. पोळीला मळतो त्याहून सैल मळ, चहा पिऊन होईस्तोवर झाकून ठेव. कातड्याच्या मध्यावर ओला हात फिरव आणि थाप, कडेला पातळ करत ने. वाजवून झालं की लगेच काढ. आजोबा गेले, मृदंग नाही गेला.

आशीर्वाद आहेतच, उरलेली कणीक फेकू नकोस.

आजी

ता. क. दादा, बाबांनी माळ्यावर बघून मृदंग कुठे गेला विचारलं. आजी म्हणाली उन्हाला दिलाय. बाबा म्हणाले बरं. उत्तरा.

*

वाकोला, मंगळवार, ११ नोव्हेंबर

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

कणीक धरली. डावी थाप पडली ती थेट पोटात. वरच्या मजल्यावरचे मार्तंडराव खाली येऊन, भजन कधी आहे विचारून गेले.

पण टेपवर तो आवाज येतच नाही. खोलीत घुमतो, आणि टेपवर नुसती बोटं ऐकू येतात, दगडावर धुणं आपटल्यासारखी. माईक जवळ धरला, वर टांगला, खाली ठेवला. मावशीची गोधडी पांघरून पाहिली, तर मृदंग पोत्यात घालून बांधल्यासारखा झाला. बारा दिवस राहिले. मावशी आता बोलते, पण कारखान्यात जेवणाचा डबा कोणता नेणार ते विचारते.

यावर तुझ्याकडे काही असेल असं वाटत नाही, तरी लिहिलं. सवय लागली आहे.

तुझा, शिवदास

*

नाहूर, गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. शिवदास यास आशीर्वाद.

माझ्याकडे काही नसेल असं लिहिलंस ते बरं केलंस, म्हणजे आता नीट ऐकशील.

गावी आमच्या ओटीवर भजन व्हायचं. ओटीवर पुरुष, आम्ही बायका आत चुलीपाशी. समोर बसण्याचा मान आम्हाला कधी मिळाला नाही. एकदा सगळे पुरुष जत्रेला गेले तेव्हा आजोबांनी मला समोर बसवून वाजवून दाखवलं. मी मनात म्हटलं, ह्यात काय आहे? नुसती टपटप बोटं. चाळीस वर्षं मी मृदंग भिंतीआडून ऐकला. भिंत बोटं बाहेर ठेवते आणि मृदंग आत सोडते. तुझा माईक समोर बसलाय मानकऱ्यासारखा. त्याला उठव आणि बायकांत आणून बसव.

सुगंधाच्या एका खोलीत हे जमणार नाही. रविवारी यंत्र आणि मृदंग घेऊन इकडे ये. बाहेरच्या खोलीत तू वाजव, माईक माझ्या स्वयंपाकघरात. स्टोव्ह मी बंद ठेवीन. दशरथाला रविवारी दिवसभर ड्यूटी आहे.

ये. जेवायला काय ते आल्यावर कळेल.

आजी

*

वाकोला, सोमवार, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार, पण थोडा राग ठेवून.

ड्यूटी म्हणे. बाबा बनियनवर पेपर वाचत बसले होते, आणि तू मला तोंड धुवून ये म्हणालीस. काल तिथे भांडता आलं नाही, म्हणून आज लिहितो.

माईकचं तुझं खरं ठरलं. भिंतीआडून आवाज आला तो मी दुकानात कुठल्याच तबकडीवर ऐकलेला नाही. तू मध्येच येऊन माईक भिंतीपासून दोन हात मागे घ्यायला लावलास, त्यानं तर समुद्रच आत आला. हे मी इथे लेखी देतो.

पण मी वाजवत होतो आणि पेपरची पानं उलटत होती. मग बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, भात कांडतोयस काय. तू आत होतीस, तुला तोंड दिसलं नाही त्यांचं. उठले, मृदंग ओढून घेतला, माझी कणीक खरवडून काढली आणि तुझ्यापुढे हात केला. मी काही मागितलं नव्हतं. मी पेटी घेतली, उत्तरानं बटण दाबलं.

पुढचं तुला माहीत आहे. मला टेप केलेल्यातली दुसरी खेप उत्तम वाटली, तसं म्हटलं. ते नाही म्हणाले, पुन्हा घे. सात वेळा. शेवटी म्हणाले पाचवी, आणि जेवायला बसले. निघताना मी पाया पडलो तर कारखान्यात पहाटे साडेपाचला उठावं लागतं एवढंच बोलले. म्हणजे ठरलेलं अजून ठरलेलंच आहे.

मी चंद्रप्रकाशला दुसरीच ऐकवणार. संगीत माझं आहे.

रागातही तुझाच, शिवदास

*

नाहूर, बुधवार, २६ नोव्हेंबर

चि. शिवदास यास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल आलं. चंद्रप्रकाशनं टेप तीनदा ऐकली, वाजवणारा कोण विचारलं, आणि सगळं संगीत तुझंच ठेवलं, पुढच्या नाटकाचंही तुलाच सांगितलं. उत्तरानं ते मोठ्यानं वाचलं. दशरथ दाढी करत होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं की कोणती खेप ऐकवली. उत्तरानं दुसरी म्हणून सांगितलं. तो कामावर गेला.

संध्याकाळी तासभर उशिरा आला. विक्रोळीच्या हापिसात जाऊन तुझं नाव काढून आलाय. मी कारण विचारलं. म्हणाला, पाचवी समोर असताना जो दुसरी उचलतो, त्याच्या हातात मशीन कसं देणार, माणसं मरतील. चेहरा असा की कोणी हसायचं नाही. मी आत जाऊन हसले.

रविवारी तो वाकोल्याला येणार आहे. चंद्रप्रकाशला स्वतः सांगणार की ती टेप बदल. तू मध्ये बोलू नकोस, आणि दोन्ही खेपा एकापाठोपाठ ऐकून बघ. मी स्वयंपाकघरात दोन्ही ऐकल्यात. कोणती बरी ते मी सांगणार नाही, मला या घरात राहायचंय.

मग मी विचारलं, यंत्र या घरात नको म्हणाला होतास त्याचं काय. म्हणाला, मग पाचवी कशावर ऐकायची.

सुगंधाला सांग, रविवारी भात जास्त टाक. तुझ्यावर जीव आहे, हे उत्तरानं लिहिलं का ते बघून घे.

तुझी आजी, पुतळाबाई