ऑस्टबी, मग पिकन्स

वॉशिंग्टन,
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय आर्विड,

तू मिनेसोटाला घरी सुखरूप पोहोचलास, असं सॉल्वेगने माझ्या कार्यालयात कळवलं. मला नाही, कार्यालयात. डावा हात आता थोडाफार हलत असेल आणि तिकडच्या थंडीने नेहमीसारखी भूकही लागत असेल, अशी आशा आहे. सॉल्वेगच्या हातच्या बटाट्याच्या पोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या नसतील तर माझ्या वाटणीची एक जास्त खा. बायकोला माझा नमस्कार सांग. ती घेईल की नाही, मला माहीत नाही.

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. दोन वर्षांत सिनेटने दोन टपाल कचेऱ्यांना आणि एका पुलाला नावं दिली, बाकी काही नाही. जेवणघरात घेवड्याचं सूप अजून रोज असतं. दोन्ही पक्षांचं एकमत होईल अशी या इमारतीतली ती एकच गोष्ट, असं तू म्हणायचास. मंगळवारी मात्र ते एकमतही नसतं. त्या दिवशी दोन्ही पक्ष आपापल्या खोलीत दार लावून जेवतात आणि आमच्या खोलीत कोंबडी असते.

तुझ्या टेबलावर कोणीतरी पांढरी फुलं ठेवली होती. इथे ती कुणासाठी ठेवतात ते तुला ठाऊक आहे. माणूस जिवंत आहे, ती उचला, असं मी सांगणार होतो. पण ते सांगणारा मी कोण, असं वाटलं. शेवटी झाडणाऱ्या बाईनेच ती नेली.

बघ, पान भरत आलं आणि मी अजून सूप आणि फुलांवरच आहे. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "लोवेल, मुद्द्यावर ये, मला विमान गाठायचंय."

मुद्दा डूईपासून सुरू होतो. चार वर्षांपूर्वी शिकारीला म्हणून मी तुला आमच्या केंटकीच्या डोंगरात नेलं होतं. शिकार राहिली बाजूला. तू माझ्या थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात बसून राहिलास. एकतीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं नळकांडं. त्याने खालची धूळ खाल्ली म्हणून मी वकील झालो. तुला म्हणाला, "पाहुणे, उठून हात मिळवला असता, पण उठलो की परत बसेपर्यंत जेवणाची वेळ होते." तू हसलास. आणि महिन्याभरात ते विधेयक लिहायला घेतलंस. कोळशाच्या दर टनामागे थोडा कर, आणि त्यातून खाणीत फुप्फुसं गमावलेल्यांचं औषधपाणी. तुझ्या राज्यात कोळशाची एक खाण नाही. माझ्या माणसांसाठीचा कर तुला मागावा लागला, कारण मी निवडणुकीत कागदावर सही करून बसलो होतो की कुठलाही कर वाढू देणार नाही.

चार वर्षं ते अडलं. कधी तुमच्यांनी अडवलं, बहुतेक वेळा आमच्यांनी. शेवटी खालच्या सभागृहातून सुटून आमच्याकडे मताला आलं, आणि त्याच आठवड्यात तुला अर्धांगवायूचा झटका आला.

मतदानाच्या आदल्या दिवशी तू फोनवर अडखळत म्हणालास, "रुग्णवाहिका सांगितलीये. सॉल्वेग ओरडतेय. पण खुर्चीत घालून आणतील मला."

मी म्हणालो, "पडून राहा, म्हाताऱ्या. मी जोडी बांधतो तुझ्याशी."

"शब्द?"

"शब्द."

जोडीचा रिवाज इथे आपल्या आजोबांच्या काळापासून आहे. एका बाजूचा माणूस येऊ शकत नसेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण स्वतःचं मत राखून ठेवतो, म्हणजे आजारपणामुळे कोणाचं पारडं हलत नाही. त्याला कागद नाही, सही नाही. तू आला असतास तर पन्नास-पन्नास. जोडी पाळली असती तर एकोणपन्नास-एकोणपन्नास. दोन्हीकडून बरोबरीच, आणि बरोबरी फोडणारे उपाध्यक्ष तुमच्या पक्षाचे. विधेयक दोन्ही वाटांनी पास होत होतं.

खरं सांगतो, जोडीत माझीही सोय होती. तुझ्यावर उपकार करतोय असं दाखवून मी स्वतःची कातडी वाचवत होतो. डूईला औषध मिळालं असतं, माझी सही शाबूत राहिली असती, आणि वर दिलदार म्हणून मिरवता आलं असतं.

शुक्रवारी दुपारी नावं पुकारायला सुरुवात झाली. जोडीचं निवेदन मी एका कार्डावर लिहून खिशात ठेवलं होतं. अकरा वर्षं तो कारकून आपली नावं पाठोपाठ घेतोय. "मिस्टर ऑस्टबी." त्याने रिवाजाप्रमाणे थोडं थांबून पाहिलं. "मिस्टर पिकन्स."

मी "नाही" म्हणालो.

पुढचं तुला माहीत आहे. पन्नास विरुद्ध एकोणपन्नास, विधेयक पडलं. त्या संध्याकाळी मी सॉल्वेगकडे निरोप ठेवला की पक्षनेत्याने, कॅल्डरने, माझा गळा धरला, पुढच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध माणूस उभा करतो म्हणाला. ते खोटं होतं, आर्विड. कॅल्डर माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. माझं नाव आलं तेव्हा त्याने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, इतकंच. कदाचित माझ्याकडे पाहिलंही नसेल. घड्याळ माझ्या डोक्यावरच आहे.

शनिवारी डूईचा फोन आला. त्याने सगळं टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणाला, "कोट छान दिसत होता तुझा." मग बराच वेळ खोकला. मी ताटकळत उभा. ठेवायच्या आधी म्हणाला, "त्या मिनेसोटाच्या पाहुण्यांना सांग, त्यांनी आमच्यासाठी खटपट केली, आभारी आहे." मला काही म्हणाला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा त्याचा निरोप तुला पोचवतो आहे, आठ दिवस उशिरा.

आणि रविवारी सॉल्वेगचा फोन. मी उचलला नाही, तिचं बोलणं यंत्रावर ऐकलं. "आर्विड म्हणतो, तो रागावलेला नाही. म्हणतो, लोवेलला मंगळवारपर्यंत वेळ आहे. आम्ही येतोय."

ज्याने जिंकलेल्या बाजूने मत दिलं त्यालाच फेरमतदान मागता येतं, तेही कामकाजाच्या पुढच्या दोन दिवसांत. त्या दिवशी तो मान सगळ्या सभागृहात माझ्यासारख्या पन्नास जणांना होता, पण उठण्यासारखा मी एकटाच होतो. फेरमतदानाला तू हजर, म्हणजे पुन्हा पन्नास-पन्नास आणि विधेयक पास; तू हिशोब बरोबर केलास. माणूस ओळखण्यात चुकलास.

मंगळवारी तू चाकाच्या खुर्चीतून आलास. निळा सूट घातला होतास, गळ्याभोवती कॉलर सैल झाली होती. दोन तास बसलास. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, मांडीवरचे कागद चाळत राहिलास. मला अवघडायला होऊ नये म्हणून, हे मला कळत होतं. मी तीनदा टेबलावर हात टेकवले. दुसऱ्यांदा तर खुर्ची मागे सरकल्याचा आवाजही झाला, आणि तुझं चाळणं थांबलं. मी परत टेकलो. सव्वाचारला कामकाज संपलं.

जाताना तुझी खुर्ची माझ्या टेबलापाशी थांबली. मी मान खाली घातली होती. वाटलं, आता बोलेल.

"आज सूप घेतलंस?" तू विचारलंस.

"आज मंगळवार आहे. कोंबडी होती."

"हो की," तू म्हणालास, आणि सॉल्वेगने खुर्ची ढकलली.

परवा तुझा राजीनामा वाचून दाखवला. तब्येतीचं कारण दिलं आहेस. जानेवारीपासून माझ्या आधी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव येईल.

क्षमा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू ती देऊन टाकशील, म्हणूनच मागत नाही. डूईच्या घरी नाताळला जायचं होतं. जाणार नाही, असं कळवलं आहे. तेही धाडस झालं नाही.

ते कार्ड अजून कोटाच्या खिशात आहे. त्या शुक्रवारी म्हणायचं होतं ते इथे उतरवतो: "माझी जोडी मिनेसोटाचे सिनेटर ऑस्टबी यांच्याशी आहे. ते इथे असते तर 'होय' म्हणाले असते. मी मोकळा असतो तर 'नाही' म्हणालो असतो. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो."

आत्ता दार लावून मोठ्याने म्हणून पाहिलं. पंधरा सेकंद लागतात.

यादीत तुझ्या नावाखाली अकरा वर्षं असलेला,
लोवेल