महालक्ष्म्यांपुढच्या मस्टँग

प्रिय मृत्युंजय,

शिवांजलीच्या लग्नाला रजा मिळत नाही, हा तुझा निरोप पोचला. त्याचं मागाहून बोलते, आधी गंमत ऐक.

यंदा महालक्ष्म्यांच्या आराशीत तुझ्या मस्टँग गाड्या मांडल्या. भाऊबीजेला साडीऐवजी अमेरिकेतून खेळण्यातली गाडी धाडणारा भाऊ अख्ख्या चौसाळ्यात माझ्या एकटीच्याच नशिबी. आधी चिडायचे, आता सालवार ओळखते सगळ्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिथून हलेनात. मग काय, दुकानात साड्या दाखवते तशी एकेक दाखवली. पासष्टची सडपातळ, नाकाने लांब. एकाहत्तरपर्यंत अंगाने सुटली, थेट तुझ्या दाजींसारखी. चौऱ्याहत्तरला, पेट्रोल महागलं त्या सुमारास, एकदम आखडली. दोन हजार पाचला पुन्हा तरुणपणीचा चेहरा घेऊन आली. केसरबाईने तर तिला हळदीकुंकूच लावलं. मी हसून बेजार झाले.

पण ती चौऱ्याहत्तरची मधे दिसेना. माझ्या सासूबाईंनी तिला समईच्या मागे सरकवलं होतं. चार बायकांत हे मरतुकडं कशाला दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. शिवांजलीने ती शोधली, ओढणीने पुसली आणि पुन्हा रांगेत ठेवली. म्हणाली, “आज्जे, मागच्या दिव्याच्या तीन पट्ट्या बघ, सगळ्यांना हायेत तशाच. आपल्याच घरचं हाय ते. कावून लपवायचं?” सासूबाई समईची वात सारायला लागल्या. बोलणं गाडीवरून तुझ्यावर आलंय हे त्यांनाही कळलं.

तुझा दोस्त राजेश्वर आदल्याच दिवशी अंबाजोगाईहून आला होता. तुझा संसार मोडल्याला दोन वर्षं झाली, हे त्याच्याकडून कळलं. फार वाईट वाटलं रे, आणि तू एकट्याने सोसलंस याचा रागही आला. रजेचं कारण खोटं आहे, हे मला तेव्हाच समजलं. मोडल्या संसाराचा मामा नको म्हणून सासूबाईंनी नवरीच्या मागे उभं राहायला आपल्या चुलतभावाचं, रामहरीचं नाव काढलं होतं. पोरीने साफ सांगितलं, “माझा मामा मागं उभा ऱ्हायला न्हाई, तर मी बोहल्यावर चढत न्हाई.” आता सासूबाईच मला रोज विचारतात, मृत्युंजयला लिहिलं का म्हणून. मार्गशीर्षात लग्न आहे. एकटाच ये, पण ये. तुझ्या सदऱ्याचं कापड मी दुकानातून बाजूला काढून ठेवलंय. माप तेवढं कळव. एकाहत्तरच्या गाडीसारखा सुटला असशील तरी कापड पुरेल.

तुझीच,
महानंदाअक्का