गंजावरचा चंदेरी रंग

आप्पा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही. आज सायली गावातल्या कारखान्यात गच्चीवरचा एक एएचयू मी बंद करायला लावला. अख्ख्या हॉलला थंड, गाळलेली हवा पुरवणारी ती पत्र्याची पेटी दमट हवेने आतून पोखरली होती. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, रंग मारके चला लो ना, परसों ऑडिट है." मी म्हटलं, गंज काढल्याशिवाय चालू होणार नाही. तो चिडला. चिडू दे. त्याच्या तोंडून मला तुम्हीच ऐकू येत होतात.

मी आयटीआय करून तुमच्याच हाताखाली शिकायला लागले, ते वर्ष. तुम्ही मेंटेनन्सचे फोरमन, आणि मामा, आईचा धाकटा भाऊ, तुमच्याच शब्दावर धुळ्याहून आलेला फिटर. तो गच्चीवर गुडघे टेकून बसलाय. मोटर ज्या लोखंडी चॅनेलवर बसते त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसतो, तर तो आरपार जातो. "दाजी, याचं पार बिस्किट झालंय. कापून नवीन टाकू, प्रायमर मारू, वर दोन हात इपॉक्सी. दोन दिवस द्या." तुम्ही म्हणता, "दोन दिवस? उद्या साहेब येताय. इकडच्या हवेत लोखंड गंजणारच. चंदेरी मार वरून." मामा हलत नाही. मग तुम्ही स्वतःच ब्रश घेता, आणि तासाभरात सगळं नव्यासारखं चमकायला लागतं.

पुढच्या श्रावणात चालती मोटर चॅनेलसकट खाली आली. मामा तेव्हा खाली वाकून मोटरचा पट्टा तपासत होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत तुम्ही म्हणालात, "मी घासायला सांगितलं होतं. यानेच वरून रंग फासला." मामाने एकदाच तुमच्याकडे पाहिलं. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून तो गप्प राहिला, आणि मी तुमच्या धाकाने. नोकरी त्याची गेली. त्या दिवशी डोकमर्डीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत मी ताट बाजूला सारलं, तर तुम्ही म्हणालात, "जेव गुमान. खरं बोलून भाकर मिळत नाही." आईने मान वर केली नाही. मी जेवले, आप्पा.

शेवटच्या आजारात तोच मामा डाव्या हाताने तुम्हाला पाणी पाजायचा. तुम्ही प्यायचात आणि भिंतीकडे तोंड करायचात. एक शब्द नाही. तुम्ही गेलात तेव्हा जवळ मी एकटीच होते, म्हणून मागच्या दिवाळीत त्याने मला विचारलं, "पोरी, दाजी जाताना माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

मी म्हटलं, "हो मामा. माफ कर म्हणाले."

तो तोंड फिरवून रडला. आता घरी आला की तुमच्या फोटोला हात जोडतो. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते: तो फोटो मी एकदा उतरवून माळ्यावर टाकला होता. मामा येणार म्हटल्यावर पुसून परत लावला.