गाडी बरी होईपर्यंत

१२ जानेवारी

पुन्हा तेच! टेकडीच्या उतारावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. लाल दिवा, वर ती कर्कश किंकाळी. दोन्ही पायांनी जीव खाऊन दाबलं आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकवून कशीबशी थांबवली. मामंजी बाजूला बसले होते. शांतपणे तपकिरीची कुपी काढली. खाली सपाटीला लागलो तर दिवा आपोआप गायब, जसं काही झालंच नाही!

नेमके तेव्हाच भावजी माळावरून मटण घेऊन आलेले. मोडकं कुंपण त्यांना दिसलंच. "वहिनी, दादाची गाडी म्हणून किती दिवस कवटाळून बसणार? जपानात झिजून आलेलं धूड ते! अर्धं विजेवर, अर्धं पेट्रोलवर आणि ब्रेक देवावर." मग जाता जाता, "नव्या वर्षाच्या सणाला येईन. तेव्हाही हे असंच असेल तर बाबांना घेऊन जातो."

नेतात कसे बघतेच! हे गेल्यापासून या घरात माझ्याआधी उठून चूल पेटवणारं एकच माणूस आहे. ते मी देणार नाही.

१५ जानेवारी

पुरेवच्या गॅरेजात. अख्ख्या उलानबातरात याच गाड्या, तरी त्याला इलाज एकच ठाऊक. "ताई, ब्रेकचा पंप गेला. त्या पैशात घोडा येईल. घोड्याला ब्रेकसुद्धा लागत नाही."

"तुझा घोडा बेकरीचे पाव पोचवणार का?"

ब्रेकचं तेल बदलून घेतलं, हवा काढून घेतली. संध्याकाळी गाडी झकास.

१६ जानेवारी

सकाळी दिवा परत पेटला मेला.

१९ जानेवारी

सापडलं असं वाटलं होतं! मी निघाले की मामंजी रोज चाकांवर दूध शिंपडतात, वाट पांढरी होवो, म्हणजे प्रवास सुखाचा होवो म्हणून. या थंडीत ते पडल्या पडल्या गोठतं. आणि चाकांपाशीच ब्रेकचे सेन्सर — हे पुरेवनंच सांगितलेलं. धावत जाऊन त्याला म्हटलं, तर पोट धरून हसला. "मग अख्खं गाव एकमेकांवर आदळलं असतं, ताई! माझी आई तर बोनेटवर पण ओतते."

तरी कोपऱ्यावर थांबून, मामंजींची नजर चुकवून चाकं पुसली. दिवा पेटायचा तो पेटलाच. म्हाताऱ्या माणसाच्या मायेवर संशय घेतला, त्याची शिक्षा!

अजून एक. गाडीतल्या घड्याळात रोज सकाळी एकच वाजलेला असतो. आणि डिकीच्या फटीत लोकर अडकलेली. मामंजी रात्री गाडीवर जाड लोकरीची गोधडी घालतात, तिचीच असणार.

२३ जानेवारी

भावजींचा फोन. "काय म्हणते गाडी?"

"पळते!"

"पळते ते दिसलं. थांबते का?"

फोन ठेवून दिला. मी पंप बदलणार नाही, गाडी विकणार नाही, मामंजींना पाठवणार नाही. करा काय करायचं ते!

२८ जानेवारी

सणाच्या मालासाठी बेकरीत लवकर बोलावलं, म्हणून नेहमीपेक्षा आधी उठले. मामंजी चुलीपाशी बसलेले. पुढ्यात त्यांच्या जुन्या लोकरीच्या झग्यात काहीतरी गुंडाळलेलं. ते त्यावर हात फिरवत होते. वाटलं, कोकरू. शहरात कोकरू कुठून आलं?

झगा उघडला तर गाडीची बॅटरी! डिकीत असते ती!

"तिला थंडी सोसत नाही ग, सूनबाई. पहाटे कशी कण्हते, ऐकलं नाहीस? अशक्त पिल्लाला रात्री आत घ्यावं लागतं."

हिवाळा लागल्यापासून रोज आणत होते. मी झोपले की आत, मी उठायच्या आधी पुन्हा डिकीत. म्हणूनच घड्याळ रोज एकावर! पण उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी एका जीवघेण्या हिवाळ्यात कळपामागे गमावलेली. पाना धरणार कसा? नट नुसता बोटानं टेकवलेला. उतारावरच्या खड्ड्यात गाडी आपटली की वायर हलते, पंपाला वीज नाही, दिवा लाल. खाली सपाटीवर पुन्हा सगळं शहाण्यासारखं.

ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. म्हटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात. त्यांनी बॅटरी जोडली, ते आत वळले, आणि मी मागून जाऊन पान्यानं नट आवळला. आता रोज असंच. ऊब त्यांनी द्यायची, आवळायचं मी. पुरेवला सांगणार नाही. महिनाभर हसेल मेला.

३१ जानेवारी

दिवा नाही. काल नाही, आज नाही. या आता, भावजी!

५ फेब्रुवारी

सण. भावजींना आल्या आल्या स्टेअरिंगवर बसवलं. उतार खाली, उतार वर, परत खाली. ब्रेक लोण्यासारखे! "हरलो, वहिनी," म्हणाले, आणि ताटातले मटणाचे वाफवलेले बूझ निमूट खाऊ लागले. माझी मान इतकी ताठ की दुखायला लागली.

तेवढ्यात मामंजी म्हणाले, "मग मी उद्या याच्याबरोबर निघतो."

माझ्या हातातला चहा सांडला.

"आजारी जनावर टाकून कुणी जातं का? ती बरी होईपर्यंत थांबलो होतो. तुझ्या हाताला यश आलं, सूनबाई. आता इथे माझं काय काम?"

त्यांच्यासाठी सगळ्या जगाशी भांडले. पण त्यांना एकदाही विचारलं नाही — मामंजी, तुम्हाला राहायचंय का? आज विचारायला हवं होतं. त्याऐवजी सांडलेला चहा पुसत बसले.

६ फेब्रुवारी

पहाटे त्यांनी शेवटच्या वेळी बॅटरी जोडली. मी मागून गेले. पाना खिशातच ठेवला.

निघण्याआधी मामंजींना म्हटलं, एक चक्कर तरी मारू या, गल्लीच्या टोकापर्यंत. अगदी हळू. पहिल्याच खड्ड्याला लाल दिवा, किंकाळी! मामंजींनी डिकीकडे वळूनही पाहिलं नाही. सावकाश उतरले, भावजींच्या जीपमधलं आपलं बोचकं काढून घेतलं आणि त्यांना म्हणाले, "तू हो पुढे."