स्वल्पविरामापुढचा मजकूर

मी, खाली सही करणारी, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, राहणार याच घरात, शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यातल्या चुका मी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेतल्या आहेत. यापूर्वी केलेले मृत्युपत्र याने रद्द होते. ते का केले आणि का रद्द केले, हे कलम चौथ्यात येईल. मधली कलमे गाळून कोणी तिथे जाऊ नये.

कलम पहिले. हे मृत्युपत्र मोठ्याने आणि विरामचिन्हांसकट वाचावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने प्रत डोळ्यांखाली धरावी. आमच्या छापखान्यात काम असेच चाले. आमचे हे मूळ प्रत वाचत आणि मी मुद्रित तपासत असे. एकदा शिवणयंत्राच्या माहितीपत्रकाचे काम चालू होते. "यंत्राला वेळोवेळी तेल द्यावे पूर्णविराम मला तुमच्याशी लग्न करायचे आहे पूर्णविराम," असे त्यांनी एका सुरात वाचले. मी मान वर न करता सांगितले की दुसरे वाक्य मुद्रितात नाही. ते म्हणाले, "मग घालायचं का?" मी समासात खूण करून घातले. छपाईचे खिळे जुळवणारा शंका विचारायला आला नसता, तर ते शिवणयंत्राबरोबर घरोघरी गेले असते.

कलम दुसरे. माझ्या लाल पेन्सिली आणि शब्दकोश लेकीला द्यावेत. भिंग मात्र कॉम्प्युटरच्या दुकानदाराला द्यावे. लांबून बोलताना चेहरे दिसावेत म्हणून लेकीने आम्हां दोघांसाठी त्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला, तो चालू केला तर पडद्यावर करारनामा आला. खाली दोन बटणे होती, 'मान्य आहे' आणि 'मान्य नाही'. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "मावशी, ते कोणी वाचत नाही. दाबून टाकायचं." जन्मभर आम्ही दोघांनी जे केले, ते कोणी करत नाही म्हणे. भिंग घेताना त्याने पोचपावती वाचून सही करावी.

कलम तिसरे. शेजारच्या शिंपीकाकांना काही देत नाही. ते साक्षीदार आहेत, त्यामुळे कायद्याने अडचण होईल असे वकील म्हणतात. त्यांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. हे दान नव्हे, मी मागून मागून थकले आहे.

कलम चौथे. कॉम्प्युटर.

करार आम्ही रीतीप्रमाणे वाचायला घेतला. हे मोठ्याने वाचत आणि मी पडद्याकडे बघत असे. 'सदर उत्पादन जसे आहे तसे, कोणत्याही हमीविना देण्यात येत आहे' हे वाचून ते थांबले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांनी हे एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं." दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले.

वाचन कुठवर आले ते कळावे म्हणून पहिल्या दिवशी मी सवयीने लाल पेन्सिलीने पडद्यावरच खूण केली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मजकूर वर सरकवला, तर मजकूर गेला आणि खूण जागच्या जागीच राहिली. छापखान्यात कागद असा पळत नसे. तेव्हापासून दिवसाचे काम संपले की खूण पुसून नवी करायची, मजकूर हलवायचा नाही, यंत्र बंद करायचे नाही आणि वर उशीचा अभ्रा घालायचा, असा नियम झाला. लेक फोनवर विचारी, अजून चेहरा का दिसत नाही तुमचा? हे सांगत, अजून करार व्हायचाय.

एका संध्याकाळी एक लांबलचक वाक्य लागले. 'हानी या शब्दात माहिती नष्ट होणे, कामात खंड पडणे आणि अपेक्षित लाभ न मिळणे यांचा समावेश आहे' इथवर वाचून ह्यांना धाप लागली. "स्वल्पविराम," ते म्हणाले. "बाकीचं उद्या." मी खूण केली. त्याच आठवड्यात हे गेले.

लेक आणि जावई आले. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस सज्जन आहे, पण बटण दिसले की त्याचे बोट थांबत नाही. परतीची तिकिटे काढायला त्याने अभ्रा उचलला, काच मळलेली दिसली म्हणून रुमालाने स्वच्छ पुसली, 'मान्य आहे' दाबले आणि आतून खुशीत हाक मारली, "आई, झालं चालू."

माझी खूण गेली, पान गेले, आणि ज्या शब्दावर ह्यांचा आवाज थांबला होता ती जागाही गेली. मी वकिलाकडे गेले आणि लिहून घेतले की घर लेकीला मिळेल, पण जावयाने उंबरा ओलांडला तर ते अनाथाश्रमाला जाईल. तशी प्रत लेकीला पाठवली. त्यानंतर लेक एकटी येई, चहासुद्धा न घेता जाई. आपल्याच घरात नवऱ्याला जिन्यात उभे करून ती राहणार नव्हती, म्हणजे माझ्यामागे या घराला कुलूप लागणार होते. मला ते कळत होते, पण राग जाईना.

मग एका सुट्टीच्या दिवशी जावई आला. करार त्याने कुठून तरी शोधून छापून आणला होता. त्याने बेल दाबली, दार उघडल्यावर चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर जिन्यातच बसून वाचू लागला, विरामचिन्हांसकट. लेकीने शिकवले असणार. अर्धविरामाला तो अडखळे. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, ती जरा हळू घासू लागले. पुढच्या सुट्टीला तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्यालाही. शिंपीकाकांनी त्याला बसायला माझीच शिडी आडवी करून दिली.

एक दिवस ते वाक्य आले. "यांचा समावेश आहे स्वल्पविराम," तो म्हणाला, आणि मी बाहेर येऊन त्याला थांबवले. माझे हात ओले होते. ते पदराला पुसले आणि म्हटले, "वाच पुढे."

त्याने वाचले, "परंतु ती तेवढ्यापुरती मर्यादित नाही पूर्णविराम."

मी दारातच रडले, त्याच्यासमोर. तो बिचारा पान उलटून बघत होता, आपले काय चुकले म्हणून. मी म्हटले, "आत ये. जिन्यात वारा लागतो."

करार आम्ही घरात बसून संपवला. शेवटचे पान झाले त्याच दिवशी पडद्यावर आले, 'आमच्या अटी बदलल्या आहेत.' खाली पुन्हा दोन बटणे. जावयाने दोन्ही हात खिशात घातले आणि विचारले, "आई, पहिल्यापासून?" सध्या नवी आवृत्ती वाचत आहोत. कॉम्प्युटर मी जावयाला देत आहे. वाचन पुरे होण्याआधी मी गेले, तर उरलेले त्याने वाचावे आणि लेकीने तपासावे. तोवर बटण दाबू नये.

कलम पाचवे. राहते घर लेक आणि जावई या दोघांना. उंबऱ्याची अट रद्द. त्यांनी इथे येऊन राहावे, चहा घ्यावा, भांडावे. माझा फोटो लावायचा तर ह्यांच्या उजवीकडे लावावा, मी त्याच बाजूला बसत असे.

कलम सहावे. वरील दोघांना मी जे देत आहे त्यात घर, कॉम्प्युटर, शब्दकोश, पेन्सिली आणि माझा आशीर्वाद यांचा समावेश आहे, परंतु ते तेवढ्यापुरते मर्यादित नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. (सही) संपूर्ण वाचले. कलम तिसरे मान्य नाही. शिडी माझीच आहे.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. (सही) न वाचता सही करत होतो. बाईंनी पेन काढून घेतले. आता वाचले आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: वकिलाच्या शिक्क्यावर आहे तोच, तपासून घेतला आहे.